मामानं मोजलेले टँकर

दि. २ फेब्रुवारी

चि. आकडेबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

कारखान्यात साखर शिजवायच्या पॅनची हवा सोडली की एक आवाज यायचा. आधी शिट्टीसारखा बारीक, मग रुंद होत जाणारा, आणि शेवटी एखाद्या थोराड जनावरानं झोपेत कूस बदलावी तसा लांब सुस्कारा. हुऽऽस. म्हणजे आत शिजणारी साखर तयार झाली, आता खाली सोडायची. तेहेतीस वर्षं मी तो आवाज ऐकला. कण केवढा झाला ते काचेवर पाहायचं, बोटानं चोळायचं आणि म्हणायचं, सोडा! आता कान गेले, दारावरची बेलसुद्धा तुझ्या मामीलाच ऐकू येते, पण तो सुस्कारा आत कुठेतरी शाबूत आहे. काल तुझं जाडजूड पाकीट उघडलं तेव्हा का कुणास ठाऊक, पहिल्यांदा तोच ऐकू आला.

पाकिटात आमच्या कारखान्याचा तीन महिन्यांचा निकाल निघाला. अठरा पानं! निकाल म्हटल्यावर मी आपलं शोधतोय, पास की नापास कुठे लिहिलंय. आमच्या शाळेत निकालाच्या दिवशी मास्तर आधी सगळ्या वर्गाकडून एक कविता चालीवर म्हणून घ्यायचे, मग पाटी वाचायचे. तेवढ्या वेळात पोटातला गोळा जरा विरघळायचा. तुझ्या या अठरा पानांना ना चाल, ना यमक. चष्मा पुसून दोनदा वाचलं. मामी म्हणाली, "अहो, पानं उलटी धरलीत." खरंच उलटी होती.

सुलटी केली तरी फार फरक पडला नाही. ऊस गेल्या वर्षीइतकाच गाळला, साखर मात्र सातवा हिस्सा कमी. मग साखर गेली कुठे? आमच्या वेळी पोतंभर कमी पडली तरी चौकशी बसायची. आणि साखर कमी असून एकूण विक्री जास्त, हे कसं? शिवाय 'जैवाधारित रसायने' असा एक नवा रकाना आहे. मी निवृत्त झालो तेव्हा त्या जागी सायकलींची शेड होती.

तू लिहितेस, या कंपनीवर मोठा अहवाल लिहायचाय आणि मामानं मदत करावी. बाळ, मी साखर शिजवली, विकली कधीच नाही. पण तू शाळेत असताना माझ्याकडून निबंध लिहून घ्यायचीस, तेव्हा मी कुठे नाही म्हणालो? विचार काय ते. मी घोटाळ्यात आहे, पण हजर आहे.

तुझा,
मामा


दि. ७ फेब्रुवारी

ती. मामास सा. न.

निबंधाची आठवण काढलीस, पण 'माझा आवडता पक्षी' मध्ये तू माझ्या नावावर सोळा कडव्यांची कविता घातली होतीस आणि बाईंनी आईला शाळेत बोलावलं होतं, ते सोयीनं विसरलास.

आधी तुझी साखर शोधून देते. उसाच्या रसातला काही भाग आता साखर न करता डिस्टिलरीत जातो. तिथे त्याचं स्पिरिट होतं, ते पेट्रोलात मिसळायला विकतात. उरलेल्या स्पिरिटापासून रसायनं करतात. रंगात, शाईत, नखं रंगवायच्या पॉलिशमध्ये लागणारी. एरवी खनिज तेलापासून करायची ती उसापासून केली, म्हणून 'जैवाधारित'. तेव्हा साखर कुणी चोरलेली नाही, चौकशी मागे घे.

आता माझा घोटाळा ऐक. स्पिरिट आणि रसायनं या विभागाची विक्री गेल्या वर्षीच्या याच तीन महिन्यांपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश वाढली. छान. पण नफा वाढायच्या ऐवजी थोडा घटला. आणि कच्च्या मालाचा खर्च झालाय दीडपट. ऊस तेवढाच, उसाचा भाव तोच, मग दीडपट कशाचा? कंपनीला विचारलं तर म्हणतात, "मागणी जबरदस्त आहे, मॅडम, पुढच्या तिमाहीत सगळं दिसेल." मी रोज ती ओळ बघते आणि रोज मला ती वेगळी वाटते.

हे एवढं मनाला का लावून घेतेय ते सांगते. सहा महिने मला इथे, या शेअर-दलालांच्या कंपनीत, कच्ची नोकरी आहे, ते या महिनाअखेर संपतात. हा माझ्या नावानं जाणारा पहिला अहवाल. चोवीस तारखेला चार वाजता तो दीडशे गिऱ्हाइकांकडे जाणार, आणि ते वाचून लोक शेअर घेणार किंवा विकणार. बरोबर निघाला तर मी पक्की, फसला तर टेबल रिकामं. साहेबांनी तसं तोंडानं सांगितलं नाही. त्यांचं तोंड तसं कमीच उघडतं. एवढंच म्हणाले, "कंपनी सांगते ते सगळेच लिहितात. तुम्ही काहीतरी स्वतः पाहिलेलं लिहा."

मामा, मी इथून काय पाहणार? तू मात्र कारखान्यापासून वीस मिनिटांवर आहेस. आत जायचं नाही, कुणाला आतलं काही विचारायचं नाही, ते बेकायदा होईल. फक्त रस्त्यावरून दिसेल तेवढं बघ. माल खरंच एवढा बाहेर पडतोय का?

फोन करू नकोस. ऑफिसातले फोन रेकॉर्ड होतात, आणि घरच्या फोनवर आपला निम्मा वेळ "काय?" आणि "काय म्हणालीस?" यात जातो. पत्रात तू नीट ऐकतोस.

मामीला नमस्कार.

तुझी,
आकडेबाई


दि. १३ फेब्रुवारी

चि. आकडेबाईस अनेक आशीर्वाद.

मोहीम फत्ते!

दोन नंबर गेटच्या समोर एक टायरवाला आहे. पंक्चर काढतो, जुने टायर विकतो, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत आहे. त्याच्या दुकानापुढे बाक आहे. चार दिवस मी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत त्या बाकावर बसलो. मधे मामी डबा घेऊन यायची. पहिल्या दिवशी टायरवाला म्हणाला, "मामा, घरात भांडण झालंय का?" मी म्हटलं, "नाही रे, भाचीसाठी टँकर मोजतोय." तो म्हणाला, "लोक भाचीसाठी मुलगा बघतात." मामी इतकी हसली की डबा उघडायचा राहून गेला.

असो. घे हे आकडे: बावीस, चोवीस, एकवीस, तेवीस. म्हणजे दिवसाला सरासरी साडेबावीस टँकर दोन नंबर गेटमधून बाहेर पडले. दोन नंबर म्हणजे भरल्या मालाचं गेट, हे तुला माहीत नसेल. रिकामी गाडी एक नंबरनं, मागच्या रस्त्यावरून आत येणार, काट्यावर वजन होणार, भरणार, आणि दोन नंबरनं बाहेर. आमच्या वेळी दोन नंबरमधून रिकामा हातगाडासुद्धा सुटत नसे. दिवसाला दोन टँकर गेले तरी आम्ही जिन्यात उभं राहून बघायचो. आता साडेबावीस! मला भरून आलं.

आणि काय देखणे असतात गं ते! चकचकीत, लांबलचक. गेटमधून वळताना त्यांची मधली एक चाकजोडी जमिनीपासून वीतभर वर उचललेली असते, अगदी अधांतरी. पाण्यात एक पाय पोटाशी घेऊन उभा असलेला बगळा आठवतो. आणि चालतात किती हलके! मी बाकावर बसल्या बसल्या चार ओळी केल्या:

आला टँकर, गेला टँकर, उजळुनि गेली वाट,
एक चाक त्या उचलुनि धरितो, काय तयाचा थाट!
ज्या शेडीतुनि सायकल माझी निघे रोज भिजलेली,
तेथुनि आता रसायनांची वरात दारी आली.

दुसऱ्या ओळीत 'काय तयाचा' जरा खटकतं, पण राहू दे. टायरवाल्याला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, उन्हात टोपी घालत जा."

तेव्हा माल जोरात बाहेर पडतोय, हे या डोळ्यांनी पाहिलं असं समज. नफा का घटला ते मात्र मला कळलं नाही. पण एवढा माल जाणाऱ्या कारखान्याचं वाईट कसं होईल?

तुझा,
मामा


दि. १८ फेब्रुवारी

ती. मामास सा. न.

मामा, तू सोनं आहेस!

अहवाल पुरा झाला. चौथ्या पानावर एक चौकट टाकली: 'प्रत्यक्ष पाहणी. चार दिवसांत नव्वद भरलेले टँकर बाहेर.' बाकी सगळ्या दलाल कंपन्यांच्या अहवालांत तेच ते तक्ते, आणि माझ्यात तुझा बाक. निष्कर्ष लिहिला, मागणी खरी आहे, खर्चाचा बोजा तात्पुरता आहे, शेअर घ्यावा. साहेबांनी वाचला, चौकटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणी मोजलं?" मी म्हटलं, "स्थानिक जाणकार निरीक्षक." मामा म्हणायची हिंमत झाली नाही. ते "हं" म्हणाले. त्यांच्या "हं" चे तीन प्रकार आहेत, हा त्यातला बरा.

तुझा बगळा घेता आला नाही, माफ कर. चार ओळी मात्र माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत.

खरं सांगायचं तर ती दीडपटीची ओळ अजून टोचते. एवढा माल विकला जातो तर पैसे जातात कुठे? पण किती दिवस एकाच ओळीकडे बघत बसायचं? मी लिहून टाकलं, 'तात्पुरता'. हा शब्द फार उपयोगी आहे, कुठेही बसतो.

चोवीसला चार वाजता माझी आठवण काढ.

तुझी,
(लवकरच पक्की) आकडेबाई


दि. २२ फेब्रुवारी, कुरियरनं

बाळ,

हे पत्र मिळाल्याबरोबर उभ्यानं वाच आणि अहवाल थांबव.

परवा शनिवारी मी तुला फोन केला होता. तू "बोल मामा, काय विशेष?" म्हणालीस, आणि मी म्हणालो, "काही नाही, इकडे हवा बरी आहे." खरं तर हेच सांगायला केला होता. तुझा आवाज इतका आनंदी होता की जीभ रेटली नाही. मामी शेजारी उभी राहून कपाळाला हात लावत होती.

झालं असं. शुक्रवारी सहज टायरवाल्याकडे गेलो. काम संपलं तरी बाकाची सवय लागली होती. एक टँकर बाहेर पडला. मी म्हटलं, "बघ, बघ, कसा पाय उचलून चाललाय!" तो पाना खाली ठेवून म्हणाला, "मामा, ते चाक रिकाम्या गाडीचंच वर असतं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? गाडीत माल नसला की ड्रायव्हर मधली चाकं वर घेतो, टायर झिजू नये म्हणून. माल भरला की खाली सोडतो, वजन पेलायला. तुम्ही चार दिवस मोजलेत ते सगळे रिकामे होते. मला वाटलं, तुम्हाला रिकामेच मोजायचेत."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कविता म्हणत होतात."

आकडेबाई, मी आयुष्यभर दाण्यावरून पाक ओळखणारा माणूस. डोळ्यासमोर पुरावा लटकत होता, वीतभर वर, आणि मी त्याला बगळा म्हणालो.

तरी मनाला वाटलं, टायरवाल्याचं काय खरं? म्हणून काल मामीला घेऊन मागच्या रस्त्याला, एक नंबर गेटकडे गेलो. रस्त्याच्या पलीकडे सतरंजी टाकून बसलो. आठ ते सहा, वीस टँकर आत गेले. विसाच्या विसांची सगळी चाकं जमिनीवर, टायर दबलेले. गतिरोधकावर कण्हत चढत होते. मामी प्रत्येकाला म्हणायची, "भरलेला." तिला मोजायला एक दिवस लागला, मला चार दिवसांत जमलं नाही. निघताना म्हणाली, "तुमचं दोन नंबर गेट तुमच्या डोक्यात राहिलंय हो. कारखान्यानं ते कधीच बदललं."

म्हणजे माल भरून आत येतोय आणि टँकर रिकामे होऊन बाहेर पडतायत. टँकरांवर स्पिरिटाच्या पाट्या आहेत आणि नावं दुसऱ्याच कारखान्यांची. मला वाटतं, आपले लोक बाहेरून स्पिरिट विकत घेतायत. तुझा तो दीडपट खर्च बहुधा याच चाकांवर बसून आत येतोय. पण स्वतःची डिस्टिलरी असताना दुसऱ्याकडून का घ्यावं? ती बंद आहे, की अर्धी चालते, की मागणी इतकी आहे की घरचं पुरत नाही? आणि तयार माल आता कुठल्या गेटनं जातो? मला कळत नाही. गेल्या वेळी कळल्यासारखं वाटलं आणि हे होऊन बसलं, म्हणून आता कळत नाही एवढंच लिहितो.

साहेबांना सांग, चूक तुझी नाही. एका म्हाताऱ्याची आहे.

मामा


दि. २४ फेब्रुवारी

मामा,

पत्र सकाळी दहाला मिळालं. उभ्यानंच वाचलं, मग खाली बसले.

शनिवारी फोनवर हवा कशाला सांगितलीस? त्या दिवशी सांगतास तर मी रविवारी बसून सगळं नव्यानं लिहिलं असतं. आज माझ्या हातात सहा तास होते, त्यातला एक तर मी नुसती काचेखालच्या कवितेकडे बघण्यात घालवला. 'उजळुनि गेली वाट.' माझीच वाट लागायची वेळ आली आणि खाली तू लिहिलेलं थाटाचं कडवं. हसू की रडू कळेना.

शेवटी तुझी दोन्ही पत्रं घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "ती चौकट चूक आहे. टँकर रिकामे होते. आणि तो निरीक्षक माझा मामा आहे." त्यांनी दोन्ही पत्रं सावकाश वाचली, कवितेसकट. मग विचारलं, "तिथे किती वर्षं होते?"

"तेहेतीस."

"ही दोन्ही पत्रं एकाच माणसाची?"

"हो."

"शेअर घ्या म्हणून लिहिलंत. आता काय म्हणाल?"

मी म्हटलं, "आता मला माहीत नाही. बाहेरून स्पिरिट घेऊन रसायनं करत असतील तर विक्री वाढेल, नफा राहणार नाही. पण खात्री नाही." खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

ते "हं" म्हणाले. हा चौथा प्रकार होता, मी आधी ऐकलेला नाही. म्हणाले, "घरी जा. चारला काही जाणार नाही." बाहेर येऊन बघते तर पडद्यावर अहवालाच्या पहिल्या पानावरून माझं नाव काढलेलं. त्या जागी नुसतं पांढरं.

नोकरी राहिली की गेली, मला ठाऊक नाही. दोन दिवस सुट्टी टाकलीये. तुझ्यावर रागावलेय की नाही, तेही नीट कळत नाही. मामीवर नाही, एवढं नक्की.

आकडेबाई


दि. २८ फेब्रुवारी, रविवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतोय. पहिल्या तिन्हींत मी शाळेतल्या कवितांचे दाखले देत सुटलो होतो. मामीनं वाचून फाडली. म्हणाली, "पोरीची नोकरी जातेय आणि तुम्ही वृत्तं कसली मोजताय?"

तेव्हा साधं लिहितो. चुकलो. मोजण्यात चुकलो त्याचं एक वेळ काही नाही, माणूस चुकतो. फोनवर गप्प बसलो, ते चुकलो. त्या कारखान्याला कुणी बरं म्हटलं की माझीच पाठ थोपटल्यासारखं मला वाटतं. भरलेले टँकर मला दिसले नाहीत, बाळ, ते हवे होते. आणि तुझ्या आनंदी आवाजात मला माझाच आनंद ऐकू आला. तो मोडवेना.

पण एक तू केलंस ते मला या वयात जमलं नाही. सहा तास हातात असताना तू साहेबांसमोर उभी राहून "मला माहीत नाही" म्हणालीस. मी तर दोन दिवस हवेवर काढले. नोकरी गेली तर इकडे ये. मामी म्हणते, वरची खोली झाडून ठेवते. राहिली तर

मामी हाक मारतेय. बेल वाजली म्हणते. रविवारी सकाळी कोण असणार, टायरवाला असेल, आला की बसतो तासभर. थांब.

पुन्हा लिहितोय, घाईत. टायरवाला नाही. दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे आहेत, खांद्याला पिशवी, बुटांवर धूळ, पहाटेच्या गाडीनं आलेत. मामीनं विचारलं, "कोण पाहिजे?" तर म्हणाले, "टँकर मोजणारे मामा. पत्ता पाकिटावरून घेतला, तिला ठाऊक नाही मी आलोय."

मामी म्हणाली, "तुम्ही कोण?"

"तिचा साहेब."

मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे, पोरीची नाही." ते म्हणाले, "तीन वर्षं मी या कंपनीवर लिहितोय आणि एकदाही गेटवर आलो नाही. चुकायला तरी तुम्ही आला होतात. उद्या ती कामावर आली की अहवाल दोघांनी मिळून नव्यानं लिहायचाय, नाव तिचंच राहील. त्याआधी आज मला एक नंबर गेट दाखवा. सतरंजी आहे ना?"

मामी आत सतरंजी शोधायला धावलीये, आणि मी हे तुला लिहीत बसलोय. साहेब अजून उंबऱ्यावरच उभे आहेत, बूट काढू की नको म्हणून.